बोटभर हळद

झेंडूचा वास आला की बाकीच्यांना सण आठवतो, मला एक यंत्र आठवतं. आज सकाळी मुलांनी प्रयोगशाळेच्या दाराला तोरण बांधलं, उंबऱ्यात पाकळ्या पडल्या, कुणीतरी फरशीवर घाईघाईची रांगोळी काढली, आणि मी काही काम नसताना उठून सगळ्या यंत्रांची झाकणं घट्ट बसलीत का ते बघून आले. मुलं एकमेकांकडे बघून हसली. खंडेनवमी आली की मॅडमना असं काहीतरी होतं, हे त्यांना माहीत आहे. का होतं ते माहीत नाही. दहा-अकरा वर्षांत मी ते कुणाला धड सांगितलेलंच नाही. मोठ्या चुका सांगायला सोप्या असतात, त्यांना निदान वजन असतं. माझी चूक हाताच्या एका बोटावर मावणारी होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या भागात जे जे चालतं, फिरतं, कापतं, शिवतं त्या सगळ्याला हळदकुंकू लागतं. विळे, कोयते, ट्रॅक्टर, रिक्षा, शिलाई मशीन. इचलकरंजीच्या बाजूला यंत्रमाग. माझे आबा कबनूरला मागावर कामाला होते. आम्ही बौद्ध, घरात पूजाअर्चा नाही, पण खंडेनवमीला मालक मागांना हार घालायचे तेव्हा आबाही रांगेत उभे राहायचे, हात न जोडता. पेढा मात्र घ्यायचे आणि माझ्यासाठी कागदात बांधून आणायचे. आई म्हणायची, “पूजा मानत न्हाईसा आन् पेढा बरा चालतोय.” आबा म्हणायचे, “पेढ्यानं काय पाप केलंय?”

मी सांगतेय ती खंडेनवमी नव्वदीच्या अखेरची. मी टेकडीवरच्या विद्यापीठात पीएच.डी.ला होते, आणि तो काळच आम्हाला दचकवणारा होता. त्याआधीची आमची प्रयोगशाळा म्हणजे तीन पायांची स्टुलं, गळके नळ आणि अंगात आलं तरच खरं वजन सांगणारा एक तराजू. मग अचानक दिल्लीहून जाडजूड पाकिटं यायला लागली. प्रकल्प, निधी, सामंजस्य करार असले शब्द कँटीनमधल्या चहाबरोबर ऐकू यायला लागले. आज ह्या विभागाला परदेशी पाहुणे, उद्या त्या विभागाचा पाया खोदायचा कार्यक्रम. काल आमच्याबरोबर वडा खाणारा माणूस आज जपानला चाललाय म्हणून हार घालून फिरायचा. आम्ही तोंडाचा आ करून बघत राहायचो.

आमचे देसाईसर मूळचे गडहिंग्लजकडचे. घरी ऊस, म्हशी, आणि दर रविवारी एस.टी.ने गावाकडे चक्कर. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून ते रोज आठाच्या आत प्रयोगशाळेत हजर असत. त्यांना एकच वेड होतं. परदेशातल्या एखाद्या चांगल्या विद्यापीठाशी हात मिळवायचा आणि इथे, कोल्हापुरात, संशोधनाचं मोठं केंद्र उभं करायचं. “आमच्या पोरांनी पुण्या-मुंबईला जाऊन दुसऱ्याच्या बाटल्या का धुवायच्या?” असं ते चिडून म्हणत. चिडले की त्यांची पुस्तकी मराठी गळून पडायची आणि खाली गडहिंग्लज दिसायचं.

माझा विषय एक झुडूप होतं. भुदरगडच्या जंगलात ते उगवतं आणि गारगोटीकडची माणसं त्याचा पाला ठेचून जखमेवर बांधतात. नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्याची माझ्यामुळे आधीच पुष्कळ बदनामी झाली आहे. सरांना शंका होती की त्या पानात उजेड देणारा एखादा पदार्थ असावा. तसा सापडला तर रक्ताच्या तपासणीसाठी बाहेरून मागवाव्या लागणाऱ्या महागड्या रंगांऐवजी तो वापरता येईल. त्यासाठी दिल्लीच्या निधीतून एक यंत्र आलं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. आमचे दत्तूमामा त्याला ‘चमकमशीन’ म्हणत आणि चार दिवसांत विभागप्रमुखही तेच म्हणायला लागले.

दत्तूमामा म्हणजे प्रयोगशाळेतले शिपाई. विद्यापीठात शिपायाला मामा म्हणायची पद्धत आहे, पण दत्तूमामा खरोखरच सगळ्यांच्या मामासारखे वागत, म्हणजे सतत ओरडत. यंत्राचं लाकडी खोकं ट्रकमधून उतरलं तेव्हा त्यांनी फाटकापाशी नारळ फोडला आणि हमालांना दम भरला, “हळू रं! बाळंतीन बाई हाय आसं समजून उचला!”

यंत्राचं काम साधं होतं. चौकोनी काचेच्या नळीत द्रव घालायचा, ती नळी यंत्राच्या पोटातल्या धातूच्या खोबणीत बसवायची आणि झाकण लावायचं. यंत्र तिच्यावर निळा उजेड सोडतं आणि द्रवातून उलटा किती उजेड येतो ते मोजतं. उजेड येत नसेल तर पडद्यावर सपाट रेघ, येत असेल तर डोंगर. नियम असा, की दरवेळी आधी नुसतं अल्कोहोल घालून कोरं वाचन घ्यायचं आणि मग पानाचा अर्क घालायचा, म्हणजे पानामुळे काय आलं ते कळतं. पण यंत्रातला दिवा परदेशी, ठरावीक तासच टिकणारा. तो गेला की दुसऱ्यासाठी पुन्हा दिल्लीच्या पायऱ्या. सर म्हणाले, “कोरं वाचन एकदा घेऊन ठेव आणि तेच वापर. नव्या यंत्राचं कोरं वाचन काय रोज बदलतंय होय?” मी ते घटस्थापनेच्या दिवशी घेतलं. रेघ पोळपाटासारखी सपाट आली. मी ती जपून ठेवली आणि दिवा वाचवला. आम्ही सगळी काटकसरीत वाढलेली माणसं, निधी आला तरी आमचे हात जुनेच होते.

मग नवव्या दिवशी खंडेनवमी आली. त्या सकाळचं ऊन मला अजून आठवतं. पाऊस नुकता मागे फिरलेला, टेकडीवरचं गवत पिवळं पडायला लागलेलं, झाडीत मोर ओरडत होते आणि आवारात तापलेल्या मातीचा वास होता. मामांनी टेबलाच्या पायांना उसाच्या शेंड्याची हिरवी वाढी बांधली होती, यंत्राला झेंडूचा हार घातला होता. सर, माझ्यानंतर पीएच.डी.ला लागलेली दोन मुलं, शेजारच्या विभागातले दोघंतिघं असे आम्ही गोळा झालो. मी जरा मागेच उभी होते, आबांसारखी, हात न जोडता. तेवढ्यात मामांनी ताट माझ्यासमोर धरलं.

“घे, तूच लाव. मशीन तू चालवतीस.”

“मी? मामा, आमच्यात...”

“आमच्यात तुमच्यात काय काढतीस सणाच्या दिवशी! रोज हात कुणाचा लागतोय? तुझाच न्हवं? मग लाव की!”

सगळे माझ्याकडे बघत होते. शाळेत असताना मी एका मैत्रिणीच्या घरी गेले होते, तिथे बायकांत हळदीकुंकवाचं ताट फिरत होतं. ते माझ्यापर्यंत आलं आणि मला ओलांडून पुढच्या मुलीकडे गेलं. मला मानायचंच नव्हतं हळदीकुंकू, तरी ते ओलांडून जाणं मला कितीतरी वर्षं टोचत राहिलं होतं. आणि आज एक टोपीवाला म्हातारा सगळ्यांसमोर ताट माझ्याच पुढे धरून उभा होता. नाही म्हणणं मला जमलं नाही, खरं सांगायचं तर म्हणायचंच नव्हतं.

मी यंत्राच्या झाकणावर बोट टेकवलं. मग काय वाटलं कोण जाणे, झाकण उघडलं, आणि आत, नळी बसते त्या खोबणीच्या कडेला, बोटभर हळद लावली. लावायचीच तर जिथं काम चालतं तिथं लावावी, असलं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. रसायनशास्त्राची एम.एस्सी., पहिल्या वर्गात पास झालेली मी. सर शेजारी हात जोडून उभे होते. ते हसून म्हणाले, “बास, आता ह्याला यश द्यायलाच लागतंय.”

दसरा झाला. सोनं लुटून झालं. मी खोबण कोरड्या फडक्यानं पुसली आणि पानाचा पहिला अर्क यंत्रात घातला. पडद्यावर रेघ आली आणि बघता बघता वर चढत गेली. डोंगर. असा डोंगर मी पुस्तकातसुद्धा पाहिला नव्हता. मी ओरडले. सर धावत आले, चष्मा पुसून पडद्याकडे बघितलं, पुन्हा पुसून पुन्हा बघितलं. मामा दारातून म्हणाले, “बघा, म्हटलं न्हवतं!”

आता वाचणाऱ्याला सगळं कळलंच असेल. आम्हाला चार महिने कळलं नाही. हेच मला अजून खरं वाटत नाही. हळदीनं पिवळी झालेली बोटं घेऊन आम्ही जन्मभर जेवलो, हळदीचे डाग आयुष्यभर धुतले, आणि आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही.

ते चार महिने म्हणजे एक वेगळाच हंगाम होता. खाली शिवारात ऊसतोड सुरू झाली होती, कारखाने पेटले होते, वारा फिरला की मळीचा आंबूस वास टेकडीवर यायचा आणि आम्ही खिडक्या लावायच्या सोडून तसेच काम करत बसायचो. अर्कावर अर्क, डोंगरावर डोंगर. सरांनी जर्मनीतल्या क्लाइन नावाच्या प्राध्यापकांना लांब पत्र लिहिलं, बरोबर वाळवलेली पानं पाठवली. त्यांच्या विद्यापीठाबरोबर संयुक्त योजनेचा प्रस्ताव तयार झाला. पाच विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या, नवी इमारत, जाणं-येणं. माझ्यानंतरच्या त्या दोन मुलांची नावं त्यात होती. माझं तर पहिलंच होतं. कुलगुरूंनी आम्हाला चहाला बोलावलं. एका स्थानिक वर्तमानपत्रात माझा पासपोर्ट आकाराचा फोटो छापून आला. आबांनी ते कात्रण कबनूरच्या चहाच्या गाड्यावर फळीला चिकटवायला लावलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, “पावणं, वाचा की जरा,” म्हणून थांबवायला लागले.

माघात क्लाइनसाहेबांचं पत्र आलं. ते स्वतः येत होते. पत्रात शेवटी एक ओळ होती. बैठकीत सगळी वाचनं बघायला आवडतील, कोरी वाचनंसुद्धा. सर मला म्हणाले, “जुनं एकच आहे, ते बरं दिसत नाही. ह्या खेपेला दिव्याकडं बघू नको, नवं घे.”

पाहुणे यायला चार दिवस होते. शनिवारची दुपार होती. मी स्वच्छ धुतलेल्या नळीत नुसतं अल्कोहोल घातलं, झाकण लावलं, कळ दाबली. रेघ वर चढायला लागली.

मला वाटलं नळी खराब. दुसरी घेतली. डोंगर. तिसरी घेतली, अल्कोहोलची नवी बाटली फोडली. तोच डोंगर, तीच उंची, तोच उतार. पान नव्हतंच आत. चार महिने ज्याला आम्ही पानातला उजेड म्हणत होतो तो पानाशिवाय समोर उभा होता. मी झाकण उघडलं आणि पहिल्यांदाच वाकून आत बघितलं. खोबणीच्या कोपऱ्यात पिवळसर कड होती. ओला बोळा फिरवला, तो पिवळा झाला. मामा बाजूला येऊन उभे होते. त्यांनी बेसिनवरची साबणाची वडी आणली. मी बोळ्यावर साबण चोळला, आणि तो लालभडक झाला. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं, ते आमच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

अल्कोहोलचा एखादा थेंब खोबणीत सांडायचा, हळद विरघळायची आणि नळीच्या अंगाला बाहेरून चिकटायची. हळद निळ्या उजेडात हिरवी चमकते, चांगली जोरात. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकले होते, परीक्षेत लिहून गुणही घेतले होते.

“हे माझ्यावर येणार बग,” मामा म्हणाले. एरवी त्यांचा आवाज अख्ख्या इमारतीत जायचा, त्या दिवशी मला जेमतेम ऐकू आला. “ताट माझं. पूजा माझी. शिपायानं घान केली म्हनतील.”

“बोट माझं होतं की मामा.”

“त्ये कोन बघतंय?” ते म्हणाले. “आन् तुझं म्हनलीस तर आनि वाईट. पूजा मानत न्हाई म्हनून मुद्दाम केलं म्हनतील.”

मला हे सुचलंच नव्हतं. ऐकल्यावर मात्र त्यात खोटं काही दिसेना.

रविवारी मी कबनूरला गेले. आबांना सगळं सांगितलं. मागाचा आवाज कानात बसलेला माणूस, त्यांना मोठ्यानं सांगावं लागतं, आणि अशी गोष्ट मोठ्यानं सांगताना आपलीच आपल्याला लाज वाटते. ऐकून झाल्यावर त्यांनी आधी घराचं दार लावलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, खरं सांग. लहानपणापासून तेच तर शिकवलं होतं त्यांनी.

“गप बस,” आबा म्हणाले. “पावणं येतील, जातील. पदवी घे, मग काय सांगायचं ते सांग.”

“आबा?”

“दुसरी पोरगी पडली तर तिला उचलाय चार हात येतील. तू पडलीस तर म्हनतील, आमाला ठावं हुतं.” आणि मग हळूच विचारलं, “ते कात्रन काढाय सांगू का गाड्यावरचं?”

मी ह्या माणसाला कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसले होते, रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि गाडी पुढे सरकत नव्हती. मला आबांचा राग येत होता आणि त्यांचं म्हणणं पटतही होतं.

सर गावाला गेले होते, ते सोमवारी उशिरा आले. मंगळवारी, म्हणजे पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, मी त्यांना यंत्रापाशी नेलं. कोरं वाचन दाखवलं, लाल झालेला बोळा दाखवला, हळद मी आत लावली तेही सांगितलं. सर स्टुलावर बसले. मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“कुणाकुणाला माहीत आहे?” त्यांनी विचारलं.

हा त्यांचा पहिला प्रश्न. चूक कशी झाली, ते त्यांनी विचारलंच नाही.

“मामांना, आमच्या आबांना. आणि मला.”

“बरं. पाहुणे जाऊ देत. मग बघू.”

“पण सर, उद्या कोरं वाचन म्हणून काय दाखवू?”

“जुनं आहे की. घटस्थापनेचं.” त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “ते काही खोटं नाही.”

खरंच ते खोटं नव्हतं. म्हणून तर मला जास्त भीती वाटली. आठ वाजता येऊन माझ्या प्रत्येक आकड्यावर लाल पेन चालवणारा माणूस, एक दशांश चिन्ह चुकलं म्हणून आठवडाभराचं काम पुन्हा करायला लावणारा, तो एका खऱ्या कागदानं खोटं झाकायला सांगत होता. मी त्यांना दोष देऊन मोकळी होऊ शकत नाही. त्या प्रस्तावात दोन मुलांचं पोट होतं, सरांची वीस वर्षं होती आणि माझंही नाव होतं. मीही मान हलवली. “बरं सर” असं म्हणालेसुद्धा. तेही इथं लिहून ठेवते.

बुधवारी क्लाइनसाहेब आले. उंच, वाकलेले, सत्तरीच्या आसपासचे. त्यांना फेटा बांधला, कोल्हापुरी चपला दिल्या, जेवायला तांबडा-पांढरा रस्सा. तांबड्यानं त्यांना ठसका लागला तेव्हा सगळे मनापासून हसले, मी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. बैठक दुपारी होती. कुलगुरू, अधिकारी, आजूबाजूच्या विभागांतले प्राध्यापक, सगळं सभागृह भरलेलं. सर सुरेख बोलले. मामा पाण्याचे ग्लास घेऊन भिंतीशी उभे होते. मग माझं नाव पुकारलं.

माझ्या हातात पानाच्या वाचनाचा एक आणि कोऱ्या वाचनांचे दोन पारदर्शक कागद होते. एक घटस्थापनेचा, एक शनिवारचा. शनिवारचा मी का बरोबर घेतला होता ते मला आजही सांगता येत नाही. मी प्रोजेक्टरवर आधी पानाचा डोंगर दाखवला. लोकांनी कौतुकानं माना हलवल्या. मी घटस्थापनेचा कागद हातात घेतला आणि माझी नजर मामांवर गेली. त्यांनी आपल्या हातातला ट्रे छातीशी धरला होता आणि ते खाली बघत होते. आज नाहीतर उद्या हे बाहेर येणार, आणि येईल तेव्हा ह्या माणसावर येणार, हे मला एकदम लख्ख दिसलं. मी तो कागद खाली ठेवला आणि शनिवारचा लावला. दोन डोंगर एकावर एक बसले. जराही फरक नाही.

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. आमच्याकडे यंत्रांची पूजा करतात. हळद लावतात. हा उजेड पानाचा नाही, हळदीचा आहे. आम्ही पाठवलेलं सगळं चुकीचं आहे.

मग मागून मराठीत आवाज आला, “शिपायाला आत हात घालू दिला होता काय?” आणि दोघंतिघं हसले.

“ताट मामांचं होतं,” मी मराठीतच म्हणाले, आणि माझा आवाज मलाच परका वाटला. “हळद आत मी लावली. माझ्या बोटानं.”

“तिनं न्हाई, म्या लाव म्हटलं!” मामा भिंतीकडून ओरडले. एका अधिकाऱ्यानं त्यांना डोळ्यांनी बाहेर जायला खुणावलं. ते गेले नाहीत.

क्लाइनसाहेबांना शेजारच्या प्राध्यापकांनी हे मराठी बोलणं भाषांतर करून सांगितलं. त्यांनी डोक्यावरचा फेटा सावकाश काढून टेबलावर ठेवला. मग पायाशी ठेवलेली काळी बॅग उघडली, एक घडी घातलेला कागद काढला आणि उठून माझ्यापाशी येऊन तो माझ्या हातात दिला. त्यावर आम्ही पाठवलेल्या पानाच्या अर्काची रेघ होती. सपाट. या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट.

“हे मी नाताळाच्या आधी काढलं,” ते इंग्रजीत म्हणाले. “पत्रानं कळवणार होतो. मग वाटलं, स्वतः जाऊन बघावं, यंत्र चुकतंय की माणसं.”

सकाळपासून तो कागद त्या बॅगेत होता. हार घालताना, फेटा बांधताना, रश्श्यानं ठसका लागला तेव्हा. मी घटस्थापनेचा कागद लावला असता तर पुढच्या मिनिटाला हा कागद निघाला असता. मी सरांकडे बघितलं. ते पडद्यावरच्या दोन डोंगरांकडे बघत होते.

योजना आम्हाला मिळाली नाही. चूक कबूल केली म्हणून कुणी इमारत बांधून देत नाही. क्लाइनसाहेब सरांचा हात दोन्ही हातांत धरून निघून गेले आणि त्यांची पुढची पत्रं सौजन्याची होती, एवढंच. सरांनी नियतकालिकाकडे पाठवलेला लेख स्वतः परत मागवला. माझी पीएच.डी. तीन वर्षं लांबली, झुडूपही बदललं. त्या दोन मुलांपैकी एक साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला. दुसरा मूळचा गडहिंग्लजचाच, तो घरी परत गेला आणि जाताना माझ्याशी बोलला नाही. त्याचं काय चुकलं होतं? खरं मी बोलले आणि शिष्यवृत्ती त्याची गेली. ह्याचा हिशेब मला अजून लागलेला नाही, आणि खरं बोलण्यावर कुणी फार सोपं भाषण ठोकायला लागलं की मी उठून जाते.

पुढे विद्यापीठ वाढलंच. करार झाले, केंद्रं झाली, टेकडीवर इमारती उठल्या, आता परदेशी पाहुणा दिसला तर कुणी वळूनही बघत नाही. त्या वेळच्या लोकांच्या लेखी आमची गोष्ट म्हणजे कँटीनमधला एक विनोद होऊन राहिली, ‘हळदीचं नोबेल’. हसताना मीही हसते.

पण त्या बुधवारची संध्याकाळ विनोदात बसत नाही. पाहुण्यांची गाडी गेली, लोक पांगले. मी विभागाच्या पायऱ्यांवर बसले होते. खाली हमरस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर धडधडत चालले होते. सर बाहेर आले आणि माझ्यापासून दोन हात अंतरावर पायरीवर बसले. ते कधीच पायरीवर बसत नसत. मी मनातल्या मनात सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. मला दुसरा मार्गदर्शक शोध म्हणाले तर काय म्हणायचं, माफी कशी मागायची.

“सुजाता,” सर म्हणाले, “तू ते बोलली नसतीस तर मी उठून बोललो असतो का गं? मघापासनं स्वतःलाच विचारतोय. मला उत्तर येईना झालंय.”

ह्या सगळ्या हंगामात मला एवढे धक्के बसले, पण असा बसला नव्हता. सरांना एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नाही, आणि तो प्रश्न ते मला विचारतात. ‘बोलला असता की सर’, एवढं म्हणायला माझं काय जात होतं? विद्यार्थ्यानं तेच म्हणायचं असतं. त्यांचे हात गुडघ्यांवर होते. मला त्यांच्याबद्दल पोटातून माया दाटून आली. पण मलाही उत्तर माहीत नव्हतं, आणि नसताना आहे म्हणणं त्या दिवशी माझ्या तोंडून निघेना.

सरांनी थोडा वेळ वाट बघितली. मग मान हलवली.

“बरोबर हाय,” ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेले.